आयडाहोतील मोर्मन समाज

अमेरिकेच्या पश्चिम भागातील आयडाहो हे राज्य आपल्याकडे फारसे कोणाच्या परिचयाचे नाही. फार तर तेथील बटाट्याची कीर्ती कोणी ऐकली असेल. या राज्याच्या आग्नेय कोपऱ्यातून प्रवास करणाऱ्याला मात्र बटाट्याच्या शेतांबरोबर आणखी एक गोष्ट जाणवते. गावे आखीव आहेत, रस्ते रुंद व एकमेकांस काटकोनात छेदणारे आहेत, आणि वस्तीवस्तीत एक साधे प्रार्थनामंदिर आहे, ज्यावर क्रूस नाही. ही मोर्मनांची गावे होत. चर्चच्या स्वतःच्या नोंदीप्रमाणे राज्यातील सुमारे चौथा हिस्सा लोक या पंथाचे आहेत; स्वतंत्र पाहण्यांत हे प्रमाण काहीसे कमी भरते. तरीही शेजारचे युटा सोडले, तर लोकसंख्येच्या मानाने मोर्मन इतके दाट दुसऱ्या कोणत्याच राज्यात नाहीत.

आणि याच राज्याने एके काळी मोर्मनांचा मताधिकार काढून घेतला होता! हा समाज तेथे कसा रुजला, लोकांच्या डोळ्यांत का सलला आणि पुढे तेथलाच कसा झाला, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

प्रथम पंथाची थोडी ओळख करून घेऊ. जोसेफ स्मिथ या तरुणाने १८३० साली न्यूयॉर्क राज्यात या चर्चची स्थापना केली. आपणास देवदूताकडून सुवर्णपत्रे मिळाली व त्यांवरील मजकुराचे भाषांतर म्हणजेच 'मोर्मनचा ग्रंथ', असे त्याचे प्रतिपादन होते. या ग्रंथावरूनच अनुयायांस मोर्मन हे नाव पडले. चर्चचे अधिकृत नाव 'अंतिम दिवसांच्या संतांचे येशू ख्रिस्ताचे चर्च' अशा अर्थाचे आहे, आणि तेच वापरावे असा चर्चचा २०१८ पासून आग्रह आहे. इतिहासात मात्र मोर्मन हेच नाव रूढ झाले आहे. जेथे जावे तेथे या लोकांचे शेजाऱ्यांशी बिनसले. १८४४ साली इलिनॉय राज्यात तुरुंगावर चालून आलेल्या जमावाने स्मिथचा वध केला. मग ब्रिगहॅम यंग याने अनुयायांना पश्चिमेकडे नेले आणि १८४७ च्या जुलैत ते सॉल्ट लेकच्या ओसाड खोऱ्यात उतरले.

तेथूनच उत्तरेस आयडाहो. १८५५ मध्ये त्या मुलखात लिमहाय नावाचे ठाणे वसविण्यात आले. पण १८५८ मध्ये मूळ रहिवाशांच्या हल्ल्यानंतर ते सोडून द्यावे लागले. कायमची पहिली वसाहत म्हणजे फ्रँकलिन, स्थापना १८६०. मौज अशी, की हे गाव वसविणारे आपण युटातच आहोत अशा समजुतीत होते. १८७२ साली सरहद्दीची मोजणी झाली, तेव्हा गाव आयडाहोत असल्याचे त्यांना कळले. घर जागच्या जागी राहते आणि राज्य बदलते, हा अनुभव सीमेवर राहणाऱ्या श्रोत्यांस वेगळा समजावून सांगावयास नको.

त्या प्रदेशात पाऊस तुटपुंजा. डोंगरावरील बर्फ वितळून येणारे पाणी अडवावे, पाट काढून ते शेतात आणावे, तरच पीक. एकट्या कुटुंबास हे साधण्यासारखे नव्हते. उत्तरेकडील डोंगरांत सोने शोधणारा खाणकरी एकटा जाई, नशीब काढी किंवा रिकाम्या हाताने परते. मोर्मन शेतकरी मात्र गावच्या गाव मिळून जाई. बिशप म्हणजे पगारी पुरोहित नव्हे, तर गावातीलच एक कर्ता माणूस. तो कामाची वाटणी करी. ज्याने पाटाच्या खोदाईत जितके श्रम घातले, तितका त्याचा पाण्यावर हक्क. उत्पन्नाचा दहावा भाग चर्चला द्यावयाचा, आणि रोख पैसा दुर्मिळ असल्याने तो पुष्कळदा धान्याच्या किंवा जनावरांच्या रूपाने दिला जाई. त्यातून नव्याने आलेल्यास आधार मिळे. या पंथाच्या वाढीचे रहस्य धर्मोपदेशात जितके आहे, तितकेच पाटाच्या पाण्यात आहे.

या कर्तृत्वाला एक काळी बाजूही आहे. ही भूमी निर्जन नव्हती. शोशोनी लोक तेथील गवताचे बी, मासे व शिकार यांवर जगत असत. वसाहतवाल्यांच्या गुरांनी ती कुरणे फस्त केली आणि उपासमारीतून चकमकी उद्भवल्या. २९ जानेवारी १८६३ रोजी फ्रँकलिनपासून थोड्याच अंतरावर, बेअर नदीकाठी, कर्नल कॉनर याच्या सैन्याने शोशोनींच्या हिवाळी तळावर हल्ला करून शेकडो स्त्री-पुरुष व मुले ठार केली. त्याच वर्षी चार्ल्स रिच याच्या नेतृत्वाखाली बेअर लेक खोऱ्यात नव्या वसाहती सुरू झाल्या. मोर्मनांची वाट अशी दुसऱ्यांच्या उद्ध्वस्त घरांवरून गेली, हे विसरून चालणार नाही.

१८७४ मध्ये रेल्वे फ्रँकलिनला पोचली. पुढे स्नेक नदीच्या विस्तीर्ण मैदानाकडे लोकांचा ओघ लागला आणि १८८३ मध्ये टॉमस रिक्स याने रेक्सबर्ग वसविले. संख्या वाढली तसे राजकारण तापले. मोर्मनांत त्या वेळी बहुपत्नीकत्वाची चाल होती. चर्चने १८५२ मध्ये ती उघडपणे मान्य केली होती आणि उर्वरित अमेरिकेस ती असह्य वाटे. पण आणखी एक कारण होते. मोर्मन मते एकगठ्ठा डेमोक्रॅटिक पक्षाच्या पारड्यात पडत. ज्या एकजुटीने पाट खणले, तीच एकजूट मतपेटीपाशी विरोधकांना धोक्याची वाटू लागली.

आयडाहो तेव्हा राज्य नव्हते; संघराज्याच्या अखत्यारीतील प्रदेश होता. फ्रेड डुबॉइस हा तेथील संघराज्याचा पोलीस अधिकारी या विरोधाचा अग्रणी होता. प्रादेशिक विधिमंडळाने १८८४-८५ च्या अधिवेशनात एक कायदा केला. आपण बहुपत्नीकत्व आचरीत नाही, इतकेच नव्हे, तर त्याची शिकवण देणाऱ्या कोणत्याही संघटनेचे सभासद नाही, अशी शपथ प्रत्येक मतदारास घ्यावी लागे. येथेच मेख होती. मोर्मनांपैकी बहुसंख्य पुरुष एकपत्नीकच होते. तरीही केवळ चर्चच्या सभासदत्वामुळे त्यांचे मत गेले.

१८८८ च्या निवडणुकीपूर्वी काहींनी चर्चमधून आपली नावे काढून घेतली आणि शपथ घेतली. ती खोटी ठरवून सॅम्युएल डेव्हिस याच्यावर खटला भरण्यात आला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ३ फेब्रुवारी १८९० रोजी न्यायमूर्ती स्टीफन फील्ड यांनी निकाल दिला, की हा कायदा धर्मस्वातंत्र्याच्या आड येत नाही. पाचच महिन्यांनी, ३ जुलै १८९० रोजी, आयडाहो राज्य झाले व हे निर्बंध त्याच्या घटनेतही उमटले. माणसाच्या कृतीस शासन करणे वेगळे आणि त्याच्या मंडळीचे नाव पाहून त्याचे नागरिकत्व लुळे करणे वेगळे. हा भेद त्या दिवशी पुसला गेला. तो पुन्हा स्पष्ट होण्यास शतक लोटले. १९९६ मध्ये त्याच न्यायालयाने दुसऱ्या एका खटल्यात म्हटले, की एखाद्या प्रथेचा केवळ पुरस्कार केल्यावरून मताधिकार नाकारण्यापुरता तो जुना निकाल आता ग्राह्य नाही.

दरम्यान १८९० च्या सप्टेंबरात चर्चचे अध्यक्ष विल्फर्ड वुड्रफ यांनी जाहीरनामा काढून बहुपत्नीक विवाहांपासून दूर राहण्याचा सल्ला अनुयायांस दिला. विरोधाची धार बोथट झाली आणि पुढील काही वर्षांत मोर्मन पुन्हा मतदान करू लागले. राज्यघटनेतील ती जुनी शब्दरचना मात्र १९८२ मध्ये मतदारांनी काढून टाकेपर्यंत तशीच होती!

विसाव्या शतकात चित्र पालटले. रेक्सबर्गजवळ साखर कारखान्याभोवती शुगर सिटी हे गाव उभे राहिले. १९४५ मध्ये आयडाहो फॉल्स येथील भव्य मंदिराचे समर्पण झाले. त्याच वर्षी आर्नोल्ड विल्यम्स हे मोर्मन गृहस्थ राज्याचे गव्हर्नर झाले. व्हिटनी या खेड्यात जन्मलेले एझ्रा टॅफ्ट बेन्सन १९५३ ते १९६१ या काळात संघराज्याचे कृषिमंत्री होते आणि १९८५ मध्ये चर्चचे अध्यक्ष झाले. १८८८ मध्ये स्थापन झालेल्या रेक्सबर्गच्या शाळेचे आज मोठे विद्यापीठ झाले आहे.

एकजुटीचा खरा कस १९७६ च्या ५ जूनला लागला. त्या दिवशी संघराज्याने बांधलेले टीटन धरण पहिल्यांदाच भरत असताना फुटले. शुगर सिटी व रेक्सबर्ग पाण्याखाली गेली, ११ माणसे दगावली. रेक्सबर्गचे महाविद्यालय टेकडीवर असल्याने बचावले आणि हजारो बेघरांना तेथे अन्न व आसरा मिळाला. नंतर चिखल उपसण्यासाठी शेजारच्या गावांतून व युटामधून मोटारी भरभरून स्वयंसेवक आले. कोणत्या घरात किती माणसे, कोणाला काय हवे, याची यादी प्रत्येक बिशपपाशी तयारच होती. मदत मोर्मन नसलेल्यांच्या दारीही पोचली.

एकजूट ही शक्ती आहे, आणि परक्याला ती भिंतीसारखीही दिसते. ज्या गावात शेजारी बहुतेक एकाच मंदिरात जमतात, चहा, कॉफी, मद्य व तंबाखू एकमताने वर्ज्य मानतात, तेथे निराळ्या मताच्या माणसाला आजही थोडे एकटे वाटत असल्यास नवल नाही. एके काळी मोर्मन अल्पसंख्य होते आणि त्यांना न्याय हवा होता. आज आग्नेय आयडाहोत ते बहुसंख्य आहेत आणि न्याय देणे त्यांच्या हाती आहे. आपल्या पणजोबांची शपथेची आठवण ते किती जागी ठेवतात, यावर तेथील परक्या शेजाऱ्याचे सुख पुष्कळसे अवलंबून राहील.