‘पानिपत’ पाहताना

दिल्लीतल्या द्वारकेहून पानिपत शंभरेक किलोमीटर. तिथे ‘काला अंब’ इथे १४ जानेवारी १७६१च्या युद्धाची आठवण सांगणारा विटांचा स्तंभ उभा आहे.

आशुतोष गोवारीकरांचा ‘पानिपत’ ६ डिसेंबर २०१९ला झळकला. भरतपूरचे महाराजा सूरजमल मदतीच्या बदल्यात आग्र्याचा किल्ला मागतात, हे दृश्य राजस्थानात खटकलं. निदर्शनं झाली, निर्मात्यांनी सुमारे ११ मिनिटं कापली. राग रास्तच होता. पराभवानंतर उपाशी, जखमी मराठ्यांना याच सूरजमलांनी अन्न आणि आसरा दिला.

त्याआधी, १७६०मध्ये, खजिना आटल्यावर मराठ्यांचे सेनापती सदाशिवरावभाऊंनी लाल किल्ल्यातल्या दिवाण-इ-खासचं चांदीचं छत उतरवून नाणी पाडली.

चित्रपट पाहिला असेल, तर आता ‘भाऊसाहेबांची बखर’ही वाचाच.