छायाचित्र, चित्रओळ आणि स्मृती : रोमन विश्नियक यांच्या ज्यू जीवनविषयक छायाचित्रांचा विचार

प्रस्तावना

एखादा समाज नष्ट झाल्यानंतर त्याची ओळख कोणत्या साधनांतून टिकून राहते, हा इतिहास आणि समाजशास्त्र या दोन्ही विद्याशाखांच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न आहे. नाझी राजवटीने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सुमारे साठ लाख युरोपीय ज्यूंची हत्या केली. पूर्व युरोपातील त्यांच्या वस्त्या, प्रार्थनामंदिरे, शाळा आणि यिद्दिश भाषेतील दैनंदिन व्यवहार यांचा जवळजवळ लोप झाला. त्या जीवनाचे रूप ज्या छायाचित्रांमुळे जगाला परिचित झाले, त्यांत रोमन विश्नियक (१८९७-१९९०) यांच्या छायाचित्रांचे स्थान अग्रभागी आहे. वास्तवाची नोंद म्हणून घेतलेले छायाचित्र स्मृतीचे साधन कसे बनते आणि त्या प्रक्रियेत काय निसटते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

छायाचित्रणाचा मूळ हेतू

विश्नियक यांचा जन्म सेंट पीटर्सबर्गजवळील पाव्हलोव्स्क येथे झाला. १९२० मध्ये ते बर्लिनला स्थायिक झाले. जीवशास्त्र आणि सूक्ष्मदर्शकातून केलेले छायाचित्रण हे त्यांच्या आवडीचे विषय होते. १९३५ मध्ये 'अमेरिकन ज्युइश जॉइंट डिस्ट्रिब्यूशन कमिटी' या मदतसंस्थेने त्यांच्याकडे पूर्व युरोपातील ज्यूंच्या हलाखीची छायाचित्रे काढण्याचे काम सोपविले. मदतनिधी उभारण्यासाठी संस्थेला ती हवी होती. त्यामुळे १९३८ पर्यंतच्या प्रवासात पोलंड, चेकोस्लोव्हाकिया, लिथुआनिया आदी देशांतील तळघरातील बिऱ्हाडे, हमाल, फेरीवाले आणि धार्मिक पाठशाळांतील मुले हे विषय त्यांनी प्राधान्याने टिपले, हे स्वाभाविकच होते. दात्याच्या मनात करुणा जागविणे हे या चित्रांचे पहिले कार्य होते.

मदतनिधीपासून स्मृतिग्रंथापर्यंत

१९४० च्या अखेरीस विश्नियक कुटुंबासह अमेरिकेस पोहोचले. १९४७ मध्ये 'पोलिश ज्यूज' आणि १९८३ मध्ये 'अ व्हॅनिश्ड वर्ल्ड' हे त्यांचे ग्रंथ प्रसिद्ध झाले. तोवर छायाचित्रांतील असंख्य माणसे मारली गेली होती. चित्रे तीच राहिली. त्यांचा अर्थ मात्र बदलला. जिवंत माणसांसाठी मदत मागणारी चित्रे आता मृतांचे स्मारक झाली. ज्या कुटुंबांकडे आजी-आजोबांचे एकही छायाचित्र उरले नव्हते, त्यांना या अनोळखी चेहऱ्यांत आपले पूर्वज दिसू लागले.

चित्रओळ आणि निवड

न्यूयॉर्कच्या 'इंटरनॅशनल सेंटर ऑफ फोटोग्राफी' या संस्थेत माया बेंटन यांनी विश्नियक यांच्या मूळ निगेटिव्हचा बारकाईने अभ्यास केला. २०१३ मध्ये तेथे या संग्रहाचे मोठे प्रदर्शनही भरले. या अभ्यासातून दोन गोष्टी पुढे आल्या. पहिली चित्रओळींविषयीची. १९८३ च्या ग्रंथात दाराआड लपलेला पिता आणि त्याला धोक्याची खूण करणारा मुलगा अशी दोन चित्रे एकाच प्रसंगाची म्हणून जोडलेली आहेत. प्रत्यक्षात ती वेगवेगळ्या फिल्मवरची असल्याचे आढळले. दुसरी गोष्ट निवडीविषयीची. संग्रहात आधुनिक पोशाखातील नागर ज्यू आणि शेतीचे प्रशिक्षण घेणारे तरुणही आहेत. ग्रंथात मात्र गरीब आणि धर्मनिष्ठ समाजाचेच चित्र ठळक झाले. यिद्दिश वृत्तपत्रे, नाट्यसंस्था, कामगार संघटना आणि राजकीय पक्ष यांनी गजबजलेले आंतरयुद्धकालीन पोलंडमधील ज्यू जीवन त्यामुळे वाचकाच्या दृष्टीआड राहिले.

येथे एक आक्षेप संभवतो. अशा चिकित्सेमुळे नरसंहार नाकारणाऱ्यांच्या हाती आयते शस्त्र येणार नाही काय? ही भीती निराधार नाही. तथापि छायाचित्र आणि चित्रओळ ही दोन स्वतंत्र साधने आहेत. कॅमेऱ्यासमोर ती माणसे होती याची साक्ष निगेटिव्ह देते, आणि नरसंहाराचा पुरावा तर असंख्य स्वतंत्र कागदपत्रांत व साक्षींत आहे. छायाचित्रकाराने मागाहून रचलेली कथा चुकीची ठरल्याने ती माणसे खोटी ठरत नाहीत. उलट, चूक आपणच दुरुस्त करणारा अभ्यास अधिक विश्वासार्ह ठरतो.

समाजाने स्वतः जपलेली छायाचित्रे

या संदर्भात एक तुलना उद्बोधक आहे. वॉशिंग्टन येथील नरसंहार स्मारक संग्रहालय १९९३ मध्ये खुले झाले. त्यातील 'टॉवर ऑफ फेसेस' या दालनात आज लिथुआनियात असलेल्या एशिश्की या गावातील ज्यूंची हजाराहून अधिक छायाचित्रे आहेत. इतिहासकार याफ्फा एलियाख यांनी ती जगभरातून जमविली. त्यांचे आजी-आजोबा त्याच गावात छायाचित्रण करीत. लग्ने, सहली, शाळेचे वर्ग, नवे कपडे घालून उभी असलेली भावंडे अशी ही चित्रे आहेत. सप्टेंबर १९४१ मध्ये दोन दिवसांत तेथील ज्यू समाज संपविण्यात आला. या चित्रांत करुणेची याचना नाही. आपण कसे दिसावे हे त्या माणसांनी स्वतः ठरविले होते. म्हणूनच हानीची व्याप्ती येथे अधिक तीव्रतेने जाणवते.

निष्कर्ष

छायाचित्र आपोआप स्मृती बनत नाही. ते कोणी, कोणासाठी काढले, कोणते निवडले आणि त्याखाली काय लिहिले, यांवर त्यातून उभी राहणारी ओळख अवलंबून असते. विश्नियक यांच्या कार्याचे मोल या चिकित्सेने कमी होत नाही. त्यांचा कॅमेरा तेथे पोहोचला नसता, तर अनेक चेहरे कायमचे अज्ञात राहिले असते. परंतु मृतांना केवळ दीन आणि भाविक म्हणून स्मरणे हाही त्यांच्यावर एक प्रकारचा अन्यायच आहे. त्यांच्या जगण्यातील विविधता त्यांना परत देणे, हे अशा छायाचित्रांच्या अभ्यासकाचे कर्तव्य ठरते.