निशाणावरची नावं

धीट, कुणाला न जुमानणाऱ्या बाईला आपल्याकडे ‘ढालगज भवानी’ म्हणतात. म्हणणाऱ्याच्या डोळ्यांपुढे हत्ती मात्र नसतो. जुन्या मराठीत ढाल म्हणजे फौजेचं मोठं निशाणही. ते पाठीवर घेऊन चालणारा हत्ती तो ढालगज. दुरून दिसावं म्हणून निशाण, आणि आणखी दुरून दिसावं म्हणून हत्ती. बंदुकांचा धूर पसरला की हुकूम ऐकू येत नसे, शेजारचा ओळखू येत नसे. निशाण उभं आहे तोवर आपली फळी शाबूत, एवढंच शिपायाला कळे.

म्हणूनच ५ नोव्हेंबर १८१७ रोजी पेशव्यांची फौज खडकीच्या लढाईला निघाली आणि जरीपटका या तिच्या निशाणाची काठी मोडली, तेव्हा अनेकांचा धीर तिथेच खचला. सरदार मोरोपंत दीक्षित त्याच लढाईत पडले.

समोरच्या बाजूची निशाणं वेगळ्या घडणीची होती. इंग्रजी पायदळाचं निशाण चौकोनी आणि एके काळी सहा फुटी. १८६८ मध्ये ते पावणेचार फूट बाय तीन फुटांवर आलं. घोडेस्वाराचा एक हात लगामात गुंतलेला, म्हणून त्याचं निशाण लहान. ड्रॅगून रिसाल्यांचं निशाण टोकाला पाचर कापल्यासारखं दुभंगलेलं असे. त्याला गायडन म्हणत. या शब्दाच्या मुळाशी वाट दाखवण्याचा अर्थ आहे. मधोमध रेजिमेंटचं चिन्ह, भोवती वेलबुट्टी आणि बाजूंना जरीच्या कामातल्या फिती. फितीवर जिंकलेल्या लढाईचं नाव. त्याला फौजेत ‘बॅटल ऑनर’ म्हणतात. तोफखान्याला मात्र कापडी निशाण नाही. त्याच्या तोफा हेच त्याचं निशाण. म्हणून तोफ शत्रूच्या हाती जाणं म्हणजे निशाण गमावणं.

पूना हॉर्स या रिसाल्याची गोष्ट या फितींमधून वाचावी अशी आहे. १८१७ च्या जून महिन्यात इंग्रजांनी पेशव्यांवर लादलेल्या तहातून तो उभा राहिला. खर्च पेशव्यांच्याच मुलखातून. काही महिन्यांत हेच स्वार पेशव्यांविरुद्ध उभे ठाकले. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईचं नाव पुढे त्यांच्या मानात जमा झालं. ८ फेब्रुवारी १८५७ रोजी इराणात, खुशाबच्या लढाईत, रिसाल्याने इराणी पलटणीचं निशाण हस्तगत केलं. त्याच्या काठीच्या टोकाला चांदीचा उघडा हात आहे. मोहरमचे पंजे पाहिलेल्या पुणेकराला तो चटकन ओळखू यावा असाच! हस्तगत निशाणाचा तो हात रिसाल्याने आपल्या निशाणाच्या काठीवर चढवला.

पुढे बंदुका लांब पल्ल्याच्या झाल्या आणि निशाण घेऊन उभा राहणारा शत्रूसाठी सोपं लक्ष्य ठरू लागला. दक्षिण आफ्रिकेत १८७९ साली इसांडलवाना इथे २४ व्या रेजिमेंटचं निशाण वाचवताना दोन अधिकाऱ्यांनी प्राण गमावले. २८ जानेवारी १८८१ रोजी लँग्ज नेकला ५८ व्या रेजिमेंटने निशाणं रणात नेली, ती इंग्रजी फौजेची अखेरची वेळ. त्यानंतर निशाण परेडच्या मैदानावर आलं. वाट दाखवण्याचं काम संपलं, उरलं ते हिशेब ठेवण्याचं. आणि हिशेब म्हटला की कुठल्या नोंदी ठेवायच्या, हा प्रश्न आलाच.

तो प्रश्न स्वतंत्र भारतापुढे उभा राहिला. प्रजासत्ताक झाल्यावर राजाची निशाणं मिरवता येईनात. २३ नोव्हेंबर १९५० रोजी डेहराडूनच्या लष्करी अकादमीत, चेटवुड हॉलमध्ये, ती समारंभपूर्वक विसावली. त्यांच्या जागी राष्ट्रपतींनी बहाल केलेली निशाणं आली. जुन्या बॅटल ऑनरची छाननी झाली. हिंदुस्थान जिंकून घेण्याच्या लढायांची नावं भारतीय सैन्याला अभिमानाने मिरवण्याजोगी नाहीत असं ठरलं. निशाणावर ती येत नाहीत. किर्की, म्हणजे खडकी, गेलं, कोरेगाव गेलं. पूना हॉर्सच्या मानात पुढे १९६५ चं फिल्लोरा आणि १९७१ चं बसंतर जमा झालं. पहिल्या युद्धात लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर, दुसऱ्यात सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल धारातीर्थी पडले. दोघांनाही परमवीर चक्र मिळालं.

पण खोडलेलं नाव पुसलं जातंच असं नाही. कोरेगावला इंग्रजांनी उभारलेला जयस्तंभ आजही आहे, आणि त्यावर लढाईत पडलेल्या शिपायांची नावं कोरलेली आहेत. त्यांत महार शिपाई आहेत. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे आले. इंग्रजी विजयापेक्षा वेगळंच काही वाचण्यासाठी. १९४१ मध्ये उभ्या राहिलेल्या महार रेजिमेंटच्या चिन्हावर हा स्तंभ होता. स्वातंत्र्यानंतर तो उतरवून तिथे कट्यार आली.

म्हणजे कोरेगाव निशाणावर नाही, चिन्हावर नाही, दगडावर आहे. दर १ जानेवारीला लाखो माणसं त्या दगडापाशी येतात. त्यांच्याही हातांत निशाणं असतात, निळी.