काउंटर नंबर चार

जगाच्या मुलाखती घेत फिरणाऱ्या एका नवऱ्याला स्वतःची बायको नव्याने भेटली... तीही चक्क बँकेत, टोकन घेऊन!

मास कॉमच्या पहिल्याच लेक्चरला सरांनी एक फंडा दिला होता. लिहिण्याआधी बघा. नुसतं बघत बसा. गेली काही वर्षं माझं फ्रीलान्सिंग चाललंय ते त्याच जोरावर. रात्री साडेबाराला भुर्जीच्या गाडीवर बसून बघितलंय, पहाटे चारला मार्केट यार्डात उभं राहून बघितलंय. फक्त एका व्यक्तीकडे असं बघायचं राहून गेलं होतं. तिच्याशी पाच वर्षांपूर्वी माझं लग्न झालंय.

आमचं रुटीन तुमच्यापेक्षा फार वेगळं नाही. राहायला वारज्यात. ती एका सरकारी बँकेच्या सदाशिव पेठेतल्या शाखेत क्लार्क, मी घरून काम करणारा. अडीच वर्षांचं पिल्लू सकाळी पाळणाघरात, दुपारी चारला परत माझ्याकडे. दिवसभर संसार व्हॉट्सॲपवर. ‘दूध’, ‘डायपर संपले’, ‘ईएमआय गेला’. संध्याकाळी ती घरी येते, गरम पाणी पिते आणि सोफ्यावर बसते. काही विचारलं की नुसती मान हलते. हो किंवा नाही. बस्स! पिल्लू गोष्टीचं पुस्तक घेऊन जातं, तर ही चित्रांवर नुसतं बोट ठेवते. मला वाटायचं, बँकेतून आमच्यासाठी काही शिल्लकच राहत नाही.

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी कहर झाला. पिल्लूला ताप, माझी डेडलाइन आणि ही आली पावणेनऊला. फोन बंद. मी दारातच सुनावलं, ‘घर म्हणजे लॉज झालंय तुझ्यासाठी. फक्त झोपायला येतेस.’ ती काहीच बोलली नाही. पिल्लूच्या कपाळावर हात ठेवून बसून राहिली. मला ते गप्प बसणंच जास्त लागलं. पुढचे दोन दिवस आमची गाडी ‘दूध’च्या पुढे गेली नाही.

शुक्रवारी खालच्या मजल्यावरच्या काकांनी बेल वाजवली. वय ७८, पोस्टातून रिटायर. ‘अरे, हयातीचा दाखला द्यायचाय. तुझ्या बायकोच्याच ब्रँचला. रिक्षाने येतोस का सोबत?’

ज्यांच्या घरात पेन्शनर आहेत त्यांना हे प्रकरण माहीत असेल. दर वर्षी नोव्हेंबरात आपण जिवंत असल्याचा पुरावा द्यावा लागतो, नाहीतर पेन्शन थांबते. २०१४ मध्ये ‘जीवन प्रमाण’ आलं, म्हणजे आधारशी जोडलेल्या मशीनवर बोट ठेवलं की दाखला ऑनलाइन जमा. २०२१ पासून मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा दाखवूनही काम होतं.

‘काका, घरी बसून फोनवर होतं की हे!’

‘मी जिवंत आहे हे फोनला काय कळतंय?’ विषय संपला.

आमचं टोकन ६१. चालू होता २३. मागच्या बाकावर बसलो. समोर काउंटर नंबर चार आणि काचेपलीकडे माझी बायको. गर्दीत तिला मी दिसत नव्हतो. सर म्हणाले होते ना, नुसतं बघत बसा... बसलो.

‘आजोबा, अंगठा नको, बोट!’

पहिली गोष्ट लक्षात आली, तो आवाज. ही चक्क ओरडत होती! रागाने नव्हे, समोरच्यांना ऐकू येत नव्हतं म्हणून. ‘आजोबा, अंगठा नको, बोट! हे बोट!’ प्रत्येक वाक्य तीनदा. आणि तिसऱ्यांदाही असं, जणू पहिल्यांदाच सांगतेय.

दुसरी गोष्ट, बोटं. आयुष्यभर राबलेल्या बोटांवरच्या रेषा म्हातारपणी पुसट होतात, कातडी कोरडी पडते. मशीन बोट ओळखतच नाही. एका आजींचं तीनदा असं झालं. त्या रडवेल्या झाल्या, ‘म्हणजे मी नाहीच का गं आता?’ ही काउंटरच्या बाहेर आली, आजींशेजारी बसली. कोल्ड क्रीमची ट्यूब काढून त्यांचं एकेक बोट चोळलं, पुसलं. ती ट्यूब मी ओळखली. आमच्या घरातून महिन्याला एक गायब होते आणि ‘तू क्रीम खातेस की काय?’ हा माझा ठरलेला जोक आहे.

तरीही बोट उठेना. मग हिने मोबाइल समोर धरला. ‘आजी, कॅमेऱ्यात बघा आणि डोळे मिचकावा.’

‘अगं बाई, या वयात डोळे मिचकावायला लावतेस होय!’ अख्खी रांग हसली. आजींचा दाखला जमा झाला.

खरं सांगू? मला आधी कौतुक नाही वाटलं. मी जेलस झालो. हा पेशन्स, हे हसू आमच्या घरी का येत नाही? पिल्लूने काय घोडं मारलंय?

तेवढ्यात बँकेतले शिपाईमामा काकांशी बोलू लागले. मी कोण, हे त्यांना माहीत नव्हतं. ‘नोव्हेंबरात मॅडमचा घसा बसतो बघा. परवा मंगळवारी तर बँक सुटल्यावर एका आजींच्या घरी जाऊन आल्या. अंथरुणाला खिळल्यात त्या. तिसरा मजला, लिफ्ट नाही.’

मंगळवार. पावणेनऊ. लॉज.

सत्तरीपुढच्या आणि अपंग ग्राहकांना अशा सेवा घरपोच द्या, असं रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच बँकांना सांगितलंय. पण तिसरा मजला चढायला कुणीतरी माणूस लागतोच. तो माणूस माझ्या घरातला होता आणि मला पत्ता नव्हता. शिवाय दिवसभर प्रत्येक वाक्य तीनदा ओरडून सांगणाऱ्या बाईकडे संध्याकाळी आवाज उरणार कुठून? तो राग नव्हताच. तो घसा होता!

६१ नंबर आला. काकांची काठी धरून मी मागे उभा राहिलो. काकांचंही बोट उठेना. मोबाइल धरताना तिने वर बघितलं. आधी काका, मग मी. क्षणभर थांबली. मग त्याच चढ्या आवाजात, ‘काका, डोळे मिचकावा!’ काकांच्या मागून मीही मिचकावले. ती हसली. मंगळवारनंतर पहिल्यांदा.

रात्री मी सॉरी म्हटलं. विचारलं, ‘मंगळवारीच का नाही सांगितलंस?’

तिने गरम पाण्याचा घोट घेतला. ‘सांगायला परत बोलावं लागलं असतं ना!’ मग थोड्या वेळाने म्हणाली, ‘फोनची बॅटरी गेली होती. आजींच्या घरून तुला कळवायला हवं होतं. ते चुकलं माझं.’

तुमचा पार्टनर दिवसातले नऊ-दहा तास जिथे असतो, तिथे तो कसा दिसतो, माहीत आहे तुम्हाला? आयटी पार्कात ॲक्सेस कार्डाशिवाय कुणी आत सोडणार नाही, मान्य. पण शेजारच्या खोलीत त्याचा कॉल चालू असेल, तर एकदा स्वतःचा लॅपटॉप बंद करून ऐका. ऑफिसच्या पार्टीत तिच्या टीममेटला विचारा, ‘ही इथे कशी असते?’ कदाचित तुम्हीही जेलस व्हाल. होऊ द्या.

आमच्याकडे आता ती घरी आल्यावर पहिला अर्धा तास प्रश्न बंद. गोष्ट मी वाचतो, चित्रांवर बोट ती ठेवते. दारात आली की मी काही विचारत नाही. ती फक्त डोळे मिचकावते. मी समजतो, आजचा दाखला जमा!