एकच तारीख, दोन भूकंप

१९ सप्टेंबर २०१७. मेक्सिको सिटीत सकाळी अकरा वाजता भूकंपाचा सराव झाला. १९८५ साली याच तारखेला झालेल्या भूकंपात या शहरात हजारो माणसे मेली होती; त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी हा सराव होतो. लोक इमारतींतून बाहेर आले, परत कामाला लागले. दुपारी सव्वाच्या सुमारास जमीन खरोखरच हादरली. शहरात २२८ जण दगावले.

तारखेचा हा निव्वळ योगायोग. पण हे दोन भूकंप एकाच जातीचे नव्हते, आणि शहराच्या दृष्टीने हाच फरक महत्त्वाचा आहे.

मेक्सिकोच्या पश्चिम किनाऱ्यापाशी समुद्रतळाचा कोकोस भूपट्ट खंडाच्या खाली सरकतो. १९८५चा भूकंप या दोन भूपट्टांच्या सांध्यावर झाला. परिमाण सुमारे ८ आणि शहरापासूनचे अंतर साडेतीनशे किलोमीटरहून जास्त. इतक्या लांबच्या प्रवासात जलद कंपने विरून जातात, संथ कंपने तग धरतात. मेक्सिको सिटीचा मोठा भाग जुन्या टेस्कोको सरोवराच्या गाळावर वसला आहे. तिथली मऊ, पाण्याने भरलेली माती अनेक ठिकाणी सुमारे दोन सेकंदांच्या लयीत डोलते. झोपाळ्याला त्याच्याच लयीत धक्के दिले की झोका वाढत जातो, तसे इथे झाले. मातीची लय जुळली ती मुख्यतः सहा ते पंधरा मजल्यांच्या इमारतींशी. त्या कोसळल्या, शेजारची बैठी घरे बऱ्याच ठिकाणी उभी राहिली.

२०१७चा भूकंप ७.१ परिमाणाचा, म्हणजे ऊर्जेच्या हिशेबाने कितीतरी लहान. पण तो खाली गेलेल्या भूपट्टाच्या पोटातच, सुमारे ५० किलोमीटर खोलीवर झाला, आणि शहरापासून अवघ्या सव्वाशे किलोमीटरच्या आत. त्यामुळे जलद कंपने विरण्याआधीच शहरात पोहोचली. सरोवराच्या पश्चिम काठाकडे गाळाचा थर पातळ आहे आणि त्याची लय सेकंदाच्या आसपास. या वेळी मार बसला तो रोमा, कोंदेसा यांसारख्या वस्त्यांतल्या चार ते सात मजली इमारतींना. कोसळलेल्यांपैकी बहुतेक १९८५नंतरचे कडक नियम येण्यापूर्वीच्या होत्या. अनेकींचा तळमजला वाहनांसाठी मोकळा, म्हणून दुबळा होता.

‘पंचाऐंशीत उभी राहिली, म्हणजे मजबूत’ हा समज त्या दिवशी जिवावर बेतला. त्या इमारतींची खरी परीक्षा पूर्वी झालीच नव्हती. इशारा देणाऱ्या यंत्रणेचेही तसेच. किनाऱ्यावरच्या भूकंपात शहराला मिनिटभराची सवड मिळू शकते; या वेळी भोंगा आणि धक्का जवळजवळ एकदमच आले.

शिवाय तिसरी जात आहेच: शहराजवळच्या उथळ भेगांवरचे भूकंप. १९१२ साली वायव्येला अकांबाय येथे तसा भूकंप झाला होता. ते क्वचित होतात, म्हणून विसरले जातात.

आपल्यालाही हा धडा परका नाही. २००१ साली भूकंपाचे केंद्र भुजजवळ होते, पण दोनशेहून अधिक किलोमीटर दूरच्या अहमदाबादेत बहुमजली इमारती पडल्या. त्यांतही मोकळ्या तळमजल्याच्या पुष्कळ होत्या. म्हणून ‘आपल्या शहराला किती मोठ्या भूकंपाचा धोका?’ हा प्रश्न अपुरा आहे. कोणत्या जातीचा, किती लांबून, कोणत्या मातीतून आणि किती मजल्यांखाली, हे सारे विचारावे लागते.