पाकटाची वीण शेळीसारखी

माकणीच्या निम्न तेरणा धरणातले रोहू-कटला कमी झाले, तर बोटुकली आणून सोडता येते. रोहूची एक मादी लाखांनी अंडी देते. कोकणच्या जाळ्यात येणारं पाकट हाही मासाच, पण त्याची वीण आपल्या उस्मानाबादी शेळीच्या जवळची. पिल्लं पोटात वाढतात, गर्भाशयातल्या दुधासारख्या स्रावावर पोसतात आणि एका वेताला मोजकीच होतात. त्याची बोटुकली कुठून आणणार?

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असतेच की, असं कोणी म्हणेल. तेवढ्यात कोळंबी भराभर वाढते. पाकटाला वयात यायलाच काही वर्षं लागतात. जाळ्याची आस वाढवूनही फारसं साधत नाही, कारण नुकतं जन्मलेलं पिल्लूही थाळीसारखं रुंद असतं. पाकट मुद्दाम कोणी धरत नाही, हा आक्षेप बराचसा खरा, पण अडचण तिथंच आहे: पाकट विरळ झालं तरी कोळंबीसाठी ट्रॉलरचं जाळं तळ खरवडतच राहतं. डेकवर आल्यावर आधी शेपटीवरचा करवती, विषारी काटा तोडतात. गाभण मादी या ओढाताणीत कधी तिथंच गाभडते. तिला जिवंत परत सोडायचं, तर जाळं ओढायचा वेळही कमी करावा लागेल.