प्राणिप्रयोगांची नीती
प्राणिप्रयोगांची नीती : वैज्ञानिक संशोधन, औषधे व लसी यांची कसोटी आणि शिक्षण यांसाठी मनुष्येतर प्राण्यांचा उपयोग करणे कितपत न्याय्य आहे, याचा विचार. प्राण्याला रोग लावणे, विषारी पदार्थ टोचणे, त्याच्यावर शस्त्रक्रिया करणे व पुष्कळदा अखेरीस त्याला मारणे या क्रिया अशा प्रयोगांत अंतर्भूत असतात. प्राण्याला होणारी वेदना त्याच्या स्वतःच्या हितासाठी नसते आणि त्याची संमती मिळणेही शक्य नसते. या दोन कारणांमुळे हा प्रश्न पशुवैद्यकीय उपचारांहून, तसेच माणसांवरील प्रयोगांहूनही वेगळा ठरतो.

इतिहास : ग्रीक वैद्य गेलेन याने शरीररचनेचे ज्ञान मुख्यतः प्राण्यांच्या विच्छेदनातून मिळविले. विल्यम हार्वी यांनी १६२८ मध्ये मांडलेला रक्ताभिसरणाचा सिद्धांतही जिवंत प्राण्यांवरील निरीक्षणांवर आधारलेला होता. प्राणी हे केवळ यंत्र आहे, या रने देकार्त यांच्या मताचा आधार जीवच्छेदनाच्या समर्थनार्थ घेतला जाई. उलट, प्राणी विचार करतो की नाही यापेक्षा त्याला दुःख होते की नाही हे महत्त्वाचे, असे जेरेमी बेंथम यांनी १७८९ मध्ये प्रतिपादन केले. प्राणिप्रयोगांचे नियमन करणारा पहिला कायदा ब्रिटनमध्ये १८७६ साली झाला.

महाराष्ट्रातील प्रयोग : मुंबईत १८९६ साली प्लेगची साथ उद्भवली, तेव्हा व्हाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील एका लहान प्रयोगशाळेत लस तयार केली. ती प्रथम सशांवर वापरून पाहण्यात आली आणि १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना ती देण्यात आली. परळ येथील त्यांची प्रयोगशाळा १९२५ पासून हाफकिन संस्था या नावाने ओळखली जाते. प्लेगचा प्रसार उंदरांवरील पिसवांमार्फत होतो, हे ठरविण्यासाठी १९०५ पासून प्लेग संशोधन आयोगाने मुंबईतील प्लेगग्रस्त घरांत गिनीपिग ठेवले. पिसवांपासून संरक्षण दिलेल्या पिंजऱ्यांतील गिनीपिग वाचले. उघडे ठेवलेले पुष्कळसे प्लेगने मेले. रोग हवेतून येतो की पिसवांमार्फत, या प्रश्नाचा निर्णय असा थोड्या प्राण्यांच्या मृत्यूने लागला.

सर्पदंशावरील प्रतिविषाचे उदाहरण वऱ्हाडातील शेतकऱ्याला अधिक जवळचे आहे. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी सु. ५८,००० माणसे दगावली, असा एका अभ्यासाचा अंदाज आहे. हे मृत्यू बहुतांशी ग्रामीण भागातील असून पावसाळ्यात त्यांचे प्रमाण वाढते. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार सापांचे विष अत्यल्प मात्रेपासून वाढवीत घोड्याला टोचले जाते. त्याच्या शरीरात प्रतिपिंडे तयार झाल्यावर रक्त काढून रक्तद्रवातून प्रतिविष मिळवितात. रक्तातील तांबड्या पेशी घोड्याला परत देण्याची पद्धतही आहे. प्रतिविषाची शक्ती मात्र उंदरांवरच तपासतात. भारतीय मानकानुसार १ मिलि. प्रतिविषाने नागाचे व घोणसाचे प्रत्येकी ०·६ मिग्रॅ. आणि मण्यार व फुरसे यांचे प्रत्येकी ०·४५ मिग्रॅ. विष निष्प्रभ झाले पाहिजे. विष व प्रतिविष यांचे मिश्रण टोचलेले किती उंदीर जगतात व किती मरतात, यावरून हे ठरते. ही चाचणी वगळली आणि प्रतिविष दुर्बळ निघाले, तर त्याची किंमत दंश झालेल्या मजुराला द्यावी लागते.

कोव्हिड-१९ च्या साथीत २०२० मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने कोव्हॅक्सिन या लसीची चाचणी २० माकडांवर केली. पाच-पाचांचे चार गट करून तीन गटांना लस दिली, एका गटाला दिली नाही आणि नंतर सर्वांना विषाणूचा संसर्ग घडवून आणला.

नैतिक भूमिका : उपयुक्ततावादी मतानुसार अनेकांचे मोठे दुःख टळत असेल आणि दुसरा मार्ग नसेल, तर प्रयोग समर्थनीय ठरतो. मात्र प्राण्याचे दुःखही हिशेबात पूर्णपणे धरले पाहिजे, असा आग्रह पीटर सिंगर यांनी १९७५ मध्ये धरला. टॉम रेगन (१९८३) यांच्या मते प्राण्याला स्वतःचे मूल्य असल्याने लाभ कितीही मोठा असला, तरी त्याला साधन म्हणून वापरता येत नाही. भारतात जैन, बौद्ध व वैष्णव परंपरांनी अहिंसेचा संस्कार रुजविला. महात्मा गांधींनी हिंद स्वराज्य (१९०९) या पुस्तकात आधुनिक वैद्यकातील जीवच्छेदनाचा निषेध केला. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे जन्मलेले गाडगे महाराज (१८७६–१९५६) यांनी नवसाच्या पशुबळीविरुद्ध गावोगाव कीर्तने केली. बळीने रोग हटत नाही, म्हणून ती हिंसा निष्फळ होय. प्रतिविषाने प्राण वाचतो. त्यामुळे प्रयोगाचा प्रश्न अधिक अवघड बनतो, कारण येथे हिंसा आणि उपकार हे दोन्ही खरे असतात.

या वादाच्या मुळाशी एक अंतर्विरोध आहे. प्राणी माणसाशी जितका सदृश, तितके त्याच्यावरील निष्कर्ष माणसाला अधिक लागू पडण्याचा संभव. परंतु सादृश्य जितके अधिक, तितका त्याला वेदनेपासून वाचविण्याचा नैतिक दावाही प्रबळ. भिन्नता दाखवून नैतिक आक्षेप दूर सारावा, तर वैज्ञानिक आधार ढासळतो.

१९५० नंतरच्या दशकात बालपक्षाघाताच्या लसीसाठी व संशोधनासाठी भारतातून दरवर्षी लाखाहून अधिक माकडे परदेशी जात. वैद्यकीय कामासाठी दिलेल्या माकडांचा अन्य प्रयोगांसाठी वापर झाल्याच्या तक्रारींनंतर १९७८ पासून ही निर्यात बंद झाली. हेतू उदात्त असला, तरी नियंत्रण नसल्यास त्याची मर्यादा सहज ओलांडली जाते, हे यावरून दिसते.

कायदा : प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियम, १९६० याने नवे ज्ञान मिळविण्यासाठी अथवा रोगनिवारणासाठी केलेले प्रयोग वैध मानले, तथापि त्यांवर अटी घातल्या. शुद्धिहरण करून वेदना टाळणे, मोठ्या प्राण्याऐवजी शक्य तेथे लहान प्राणी वापरणे, केवळ हस्तकौशल्य मिळविण्यासाठी प्रयोग न करणे व नोंदी ठेवणे या त्यांपैकी काही होत. अधिनियमान्वये केंद्रीय समिती नेमण्यात येते. १९९८ च्या नियमांनुसार प्रत्येक नोंदणीकृत संस्थेत नीती समिती आवश्यक ठरली. तिच्यात पशुवैद्य, बाहेरील शास्त्रज्ञ व वैज्ञानिक नसलेला, सामाजिक जाणीव असलेला सदस्यही असतो. सौंदर्यप्रसाधनांच्या प्राण्यांवरील चाचण्यांना २०१४ मध्ये मनाई झाली.

शिक्षण : अमरावतीच्या विदर्भ महाविद्यालयासारख्या (स्थापना १९२३) जुन्या संस्थांपासून लहान गावांतील महाविद्यालयांपर्यंत बेडकाचे विच्छेदन हा प्राणिविज्ञानाच्या अभ्यासाचा नित्याचा भाग होता. पुस्तके, प्रतिकृती व चित्रपट यांनी काम भागत असेल, तर असे प्रयोग टाळावेत, असे १९६० च्या अधिनियमातच म्हटले होते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये ते टप्प्याटप्प्याने कमी करण्याची मार्गदर्शक तत्त्वे दिली व २०१४ मध्ये याबाबत आणखी कडक सूचना काढली. येथे नवे ज्ञान मिळत नसून ज्ञात गोष्टीच पुन्हा पाहिल्या जात असल्याने प्राणहानीचे समर्थन सर्वांत दुबळे ठरते.

पर्याय : डब्ल्यू. एम्. एस्. रसेल व आर्. एल्. बर्च यांनी १९५९ मध्ये तीन तत्त्वे सुचविली : शक्य तेथे प्राण्याऐवजी अन्य साधन वापरणे, प्राण्यांची संख्या कमी करणे आणि पद्धती सुधारून वेदना घटविणे. अलर्क रोगावरील (पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशाने होणाऱ्या रोगावरील) जुनी लस हे पहिल्या तत्त्वाचे बोधप्रद उदाहरण होय. डेव्हिड सेंपल यांनी १९११ मध्ये कसौली येथे विकसित केलेली ही लस मेंढीच्या मेंदूपासून बनवीत व पोटावर अनेक दिवस टोचीत. तीमुळे काही रुग्णांना पक्षाघातासारखे विकार होत. पेशीसंवर्धनाने तयार केलेल्या लसी आल्यावर भारतात २००४ च्या अखेरीस तिचा वापर थांबला. रुग्ण व मेंढी या दोघांचाही लाभ झाला. नव्या औषधांच्या नियमांत २०२३ मध्ये केलेल्या दुरुस्तीने पेशी, ऊतके व संगणकीय प्रतिमाने यांवर आधारलेल्या पद्धतींना मान्यता मिळाली आहे. संपूर्ण शरीरातील गुंतागुंतीच्या प्रतिक्रिया या पद्धतींनी अद्याप सर्वस्वी कळत नाहीत. म्हणून प्राणिप्रयोग पूर्णतः थांबविता आले नसले, तरी पर्याय उपलब्ध असताना प्राणी वापरणे हा आता केवळ सवयीचा भाग ठरतो आणि त्याचे समर्थन करण्याची जबाबदारी प्रयोगकर्त्यावर येते.